ज्याला कोणी संघात घेतले नाही

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर वर्षातून एकदा एक कागद लागतो. आंतरवर्गीय फुटबॉल स्पर्धा अमुक दिवशी सुरू होतील, इच्छुक संघांनी आपली नावे क्रीडाशिक्षकांकडे द्यावीत, प्रवेशमूल्य अमुक रुपये, पंचांचा निर्णय अंतिम राहील. एवढाच मजकूर. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कणकवली, सावंतवाडी, जेथे जेथे आपली मुले उच्च शिक्षणासाठी जातात तेथे अशा स्वरूपाचा कागद त्यांच्या डोळ्यांखालून जातो, आणि बहुधा त्यांचा व त्या स्पर्धेचा संबंध तेथेच संपतो. घरी त्याची वार्ताही येत नाही. आलीच तर आपण म्हणतो, बरे झाले, अभ्यासाला वेळ मिळाला.

वाचकहो, आम्ही आज आपले लक्ष या कागदाकडे वेधू इच्छितो. विषय क्षुल्लक वाटेल. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, जमीन असे प्रश्न उभे असताना चेंडूच्या खेळाची नियमावली घेऊन बसण्याचे प्रयोजन काय, असेही कोणी विचारील. प्रयोजन आहे. त्या सूचनेतील एक शब्द पुन्हा वाचा. "इच्छुक संघांनी." इच्छुक विद्यार्थ्यांनी असे तेथे लिहिलेले नाही.

संघ आधी जमला पाहिजे आणि मग नाव द्यावयाचे. हा संघ जमतो कसा? कोठे वर्गाचा म्होरक्या अकरा जणांची यादी करतो, कोठे मित्रमंडळी एकत्र येऊन संघाला एखादे झोकदार नाव देते. दोन्ही ठिकाणी बोलावणे ओळखीवर अवलंबून असते. ओळख कोठली? एकाच गाडीने येणाऱ्यांची, एकाच शाळेतून आलेल्यांची, एकाच वाडीतल्यांची. आणि कोकणातील वाडी म्हणजे काय, हे आपणांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वाड्यावस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. परंतु पाटीवरचे नाव बदलले तरी वाडी आपल्या जागेवरून हलत नाही, आणि वाडीतून निघणारी मैत्रीची पायवाटही एकदम दुसरीकडे वळत नाही. संघ जमवणाऱ्या मुलाच्या मनात जातीचा विचार नसेलही. त्याने आपले मित्र घेतले, एवढेच त्याला ठाऊक. ज्याला घेतले नाही त्याला कोणी "तू येऊ नकोस" असे म्हटलेले नसते. त्यामुळे त्याला तक्रार करावयास माणूस सापडत नाही. जुन्या काळी आडवा येणारा निदान समोर उभा असे.

अशा ठिकाणी माणसाच्या सद्भावनेवर विसंबण्यापेक्षा नियमावर विसंबणे अधिक सुरक्षित, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात या गोष्टीचा पुरावा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. मुंबईत इंग्रजी अमदानीत धर्मवार संघांचे क्रिकेट सामने होत. युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले, १९३७ साली उरलेल्या सर्वांचा 'इतरेजन' म्हणावा असा पाचवा संघ आला, आणि १९४६ मध्ये तो प्रकार कायमचा संपला. या हिंदू संघाचा श्रेष्ठ गोलंदाज होता पालवणकर बाळू. आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले, जात चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना तीनचार रुपयांवर मैदानाची निगा राखणारा हा मुलगा साहेबांना चेंडू टाकता टाकता असा तयार झाला की, त्याच्यावाचून हिंदूंचे चालेना. त्यांनी त्याला घेतले. मैदानात चेंडू त्याच्या हाती दिला आणि चहाच्या वेळी मातीच्या भांड्यात त्याला बाहेर चहा दिला. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले, तथापि हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाला, तोही पुष्कळ वादविवादानंतर.

ही हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, आणि ती सांगताना आपण बहुधा बाळूच्या पराक्रमाशी थांबतो. आम्ही आज दुसऱ्या टोकाने तिच्याकडे पाहू इच्छितो. बाळूला प्रवेश मिळाला तो असामान्य गुणांमुळे. त्याच काळी साधारण गुणाचे अनेक सवर्ण तरुण जिमखान्यांत संध्याकाळी खेळत असतील, हसत असतील, झेल सोडत असतील, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयास जात असतील. साधारण गुणाच्या अस्पृश्य तरुणाला मात्र त्या मैदानात मैदान झाडण्याखेरीज काम नव्हते. आपल्या मुलांना अजूनही कळत नकळत हेच सांगितले जाते की, तुम्ही फार मोठे झालात तर दार उघडेल. साधारण राहून दारातून आत जाण्याचा हक्क इतरांना आहे तसा आपल्यालाही आहे की नाही, हा खरा प्रश्न होय. विद्यापीठाच्या निवड संघात हा प्रश्न विचारता येत नाही, कारण तेथे निवड गुणावर व्हावयाची आणि ती तशीच व्हावी. आंतरवर्गीय स्पर्धा मात्र मुळात साधारण खेळणाऱ्यांसाठीच निर्माण झालेली आहे.

ती कशी निर्माण झाली हेही जाणून घेण्याजोगे आहे. अमेरिकेत या खेळांना जो शब्द आहे त्याचा मूळ लॅटिन अर्थ 'भिंतींच्या आत' असा आहे. बाहेरच्या विद्यापीठांशी झुंजणारा संघ वेगळा, आणि आपल्याच आवाराच्या भिंतींच्या आत सर्वांनी खेळावयाचे खेळ वेगळे. मिशिगन व ओहायो येथील विद्यापीठांनी १९१३ साली अशा खेळांसाठी स्वतंत्र खाते उघडले. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते हेच वर्ष. परंतु त्या देशात भिंतींच्या आत कोणाला घ्यावयाचे याचा निर्णय वर्णावरून होत असे, आणि अनेक विद्यापीठांची दारे काळ्या विद्यार्थ्यांना बंद होती. पुढे विल्यम वॉसन नावाच्या काळ्या क्रीडाशिक्षकाने काळ्यांच्या महाविद्यालयांतून हिंडून तेथील आंतरवर्गीय खेळांची पाहणी केली, आणि फेब्रुवारी १९५० मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या डिलार्ड विद्यापीठात अशा ११ महाविद्यालयांचे २२ स्त्री-पुरुष क्रीडासंचालक एकत्र जमवले. त्या बैठकीतून जी संस्था निघाली तीच आज त्या संपूर्ण देशातील विद्यापीठांच्या अशा खेळांची प्रमुख संस्था आहे. ज्यांना भिंतीबाहेर ठेवले होते त्यांनीच भिंतींच्या आतील सर्वांच्या खेळाला संघटित रूप दिले. त्याच वर्षी औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय उघडले, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवावा असा.

आता त्या देशातील नियमावल्यांत असे काय असते? पुष्कळशी कलमे किरकोळ असतात. ओळखपत्र दाखवा, घसरून चेंडू काढू नका, पंचाशी हुज्जत घालू नका. परंतु दोन कलमे अशी आहेत की, तीच या सर्व व्यवस्थेचा प्राण होत. पहिले असे की, ज्याला संघ नाही त्या विद्यार्थ्याला एकट्याने आपले नाव नोंदवता येते, आणि त्याला संघ मिळवून देण्याचे काम क्रीडाविभाग पाहतो. दुसरे असे की, विद्यापीठाच्या निवड संघात खेळणाऱ्यांची संख्या एका संघात मर्यादित असते, किंवा त्यांना तेथे खेळताच येत नाही. एका कलमाने न बोलावलेल्याला वाट दिली, आणि दुसऱ्याने बलवानांची एकजूट मोडली.

सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांना यापैकी काहीच अवघड नाही. "इच्छुक संघांनी" याऐवजी "इच्छुक विद्यार्थ्यांनी" असे लिहावे आणि सर्व नावांच्या चिठ्ठ्या काढून संघ पाडावेत. याला खर्च येत नाही, समिती नेमावी लागत नाही. मित्रांचे संघ ठेवावयाचेच असतील तर निदान प्रत्येक संघात चार जागा अशा चिठ्ठीने भरावयाच्या, असे कलम घालता येते. काहींना हे कृत्रिम वाटेल. चिठ्ठी कृत्रिम आहे हे खरेच. ज्या 'नैसर्गिक' रीतीने आजवर संघ पडत आले त्या रीतीची थोरवी आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली आहे.

संघात नाव आले म्हणजे काम झाले असेही नाही. नाव यादीत आणि मुलगा बाकावर, हा प्रकार फार जुना आहे. पाणी आणून देणारा, कपडे सांभाळणारा, टाळ्या वाजवणारा असा एक वर्ग प्रत्येक संघात तयार होतो, आणि त्यात कोण जाऊन पडतो हे पाहावे. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाच्या खेळण्याच्या वेळेचे कलम. हिशेब सोपा आहे. सात-सात जणांचा संघ, २० मिनिटांचे दोन डाव आणि यादीत १२ खेळाडू धरा. सात जण ४० मिनिटे खेळले म्हणजे एकूण २८० मिनिटे झाली. बाराही जणांना किमान एक डाव, म्हणजे २० मिनिटे दिली तर २४० मिनिटे लागतात. उरलेल्या ४० मिनिटांत संघाने आपल्या चांगल्या खेळाडूंना हवे तर अधिक खेळवावे. कोणाचे काहीच बुडत नाही.

यावर कोणी फुटबॉलच्या मूळ नियमांचा आधार घेऊन आडवे येईल. बाहेर गेलेला खेळाडू परत आत घेता येत नाही, असे तो म्हणेल. मोठ्या सामन्यांत ते तसेच आहे. परंतु जगभर मान्य असलेल्या त्या १७ नियमांच्या पुस्तकातच सोय आहे की, लहान मुले, प्रौढ, दिव्यांग व तळागाळातील फुटबॉल यांच्यासाठी राष्ट्रीय संघटनेच्या संमतीने सामन्याची वेळ, मैदानाचा व चेंडूचा आकार बदलता येतो आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेता येते. तेव्हा पुस्तकाचे नाव सांगून कोणी गप्प बसवू लागला तर पुस्तक मागावे आणि ते पान उघडावे. ग्रंथाचे नाव घेऊन गप्प बसवण्याची युक्ती आपल्या परिचयाची आहे.

हा न्याय आपल्या किनाऱ्याला परका नाही. मालवणच्या वाळूवर रापण ओढताना पाहिली असेल. होडीने जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे किनाऱ्यावरून ओढतात. जाळे बाहेर आले की मासळीचे वाटे पडतात. वाट्यांत अधिकउणे असते, जाळ्याचा वाटा वेगळा आणि होडीचा वेगळा. तरी ज्याने दोराला हात लावला त्याच्या पदरी काहीतरी पडल्याशिवाय तो परत जात नाही, असा रिवाज आहे. कोणाचे दंड किती भरदार आहेत हे तेथे मोजीत बसत नाहीत. आंतरवर्गीय खेळाला एवढाच रिवाज लागू करा, अशी मागणी आहे.

बुटांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. नियमाप्रमाणे फुटबॉलला पादत्राण आवश्यक आहे. भारताचा संघ १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी खेळला तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि सामना केवळ २-१ असा गमावला. ती गोष्ट अभिमानाने सांगावी, पण तिच्या आधारावर आजच्या गरीब मुलाला अनवाणी उतरवू नये. एकाच्या पायात खिळ्यांचे बूट आणि दुसऱ्याचे पाय उघडे, हा सामना होत नाही. जांभ्या दगडाच्या आमच्या कठीण मैदानांवर खिळ्यांचे बूट तसेही निरुपयोगी आहेत. त्यांना सरळ बंदी घालावी, सर्वांना साधे कॅनव्हासचे बूट सांगावेत आणि महाविद्यालयाने दहावीस जोड आपल्याकडे ठेवावेत. प्रवेशमूल्याचेही तसेच. चषक लहान ठेवा, पण मूल्य घेऊ नका.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यापैकी काही तरुण म्हणतात की, ते आपल्याला घेत नाहीत तर आपण आपलाच संघ काढू, आपल्याच समाजापुरते सामने भरवू. गावोगाव वाडीमर्यादित, समाजमर्यादित सामने सर्वच समाज भरवतात, मग आपणच का नको? जयंतीच्या दिवसांत वस्तीतली मुले आपसांत खेळली तर त्यात कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. ती आनंदाची गोष्ट आहे. परंतु महाविद्यालयाच्या आवारात 'बौद्ध संघ' या नावाने उतरणे आम्हांस मान्य नाही. समोरचा संघ मग आपोआपच दुसऱ्या कोणाचा तरी होतो, त्याच्या पाठीमागे तिसरा उभा राहतो, आणि मुंबईच्या मैदानावर १९४६ साली जे बंद पडले ते आपण आपल्या हातांनी पुन्हा सुरू करतो. शिवाय त्यात चुकणाऱ्या मुलाचे काय होते? चिठ्ठीने पडलेल्या संघात त्याने गोल सोडला तर त्याने सोडला. जातीच्या नावाच्या संघात त्याने गोल सोडला तर संपूर्ण जातीने सोडला असे होते. असला भार कोणा अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर देऊ नये.

चिठ्ठीबद्दल आणि नियमांबद्दल आपल्या परंपरेला संकोच वाटण्याचे कारणही नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की, बुद्धाच्या भिक्षुसंघाला बैठकीचे, ठरावाचे, गणसंख्येचे व मतमोजणीचे नियम ठाऊक होते. आणि त्या संघात विनयाचा, म्हणजे नियमांचा, सर्वांत जाणता कोण मानला गेला? उपाली, जो जातीने न्हावी होता. शाक्य कुमारांच्या आधी त्याला प्रव्रज्या मिळाली, म्हणून ज्येष्ठतेच्या नियमाने त्या राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले, आणि पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्यालाच मिळाला. हे येथे सांगण्याचे कारण असे की, आपली मुले खेळाडू होण्याचा विचार करतात, पंच होण्याचा करीत नाहीत. शिट्टी हातात घेतलेल्या मुलाला नियम तोंडपाठ असावे लागतात, आणि समोर कोणाही बड्याचा मुलगा असला तरी त्याला थांबवावे लागते. गावच्या पंचांपुढे ज्यांचे आजे लांब उभे राहिले त्यांच्या नातवंडांनी हे काम अवश्य शिकावे. घरच्यांनी त्याला उत्तेजन द्यावे.

मुलींचा उल्लेख शेवटी येतो याचा अर्थ त्यांचे स्थान शेवटचे असा नव्हे. डिलार्डच्या बैठकीत स्त्रिया होत्या, हे वर सांगितले. तरीही पुढे त्याच संस्थेने काही वर्षे स्त्रियांना सभासदत्व नाकारले आणि १९७१ साली कोठे ते पुन्हा खुले केले. वगळले जाण्याचे दुःख भोगलेला माणूस दुसऱ्याला वगळणार नाही, अशी खात्री नसते, आणि हे आपल्या घरांनाही लागू आहे. मुलीचे नाव चिठ्ठीत घालावयाचे की नाही हे महाविद्यालयाने ठरवण्याआधी पुष्कळदा घरातच ठरून गेलेले असते. सात जणांत किमान तीन मुली असाव्यात, अशा मिश्र संघांचे कलम मागता येईल. मुलींचे स्वतंत्र सामनेही भरवता येतील. मात्र मैदानाची वेळ वाटताना मुलांचे सर्व सामने झाल्यावर उरलेला काळोख त्यांच्या वाट्याला येऊ नये.

मागणी करावयाची ती लेखी करावी. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांतील समतेविषयी जे विनियम काढले त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. तथापि प्रारंभ तक्रारीने करण्याची आवश्यकता नाही. क्रीडाशिक्षक हे बहुधा कामाने दबलेले आणि खेळावर प्रेम करणारे गृहस्थ असतात. त्यांच्या हाती तयार मसुदा दिला तर अर्धे काम होते. एका पानावर पाच कलमे पुरेत: नाव एकट्याने देता यावे, संघ चिठ्ठीने पडावेत, प्रत्येकाला एक डाव मिळावा, निवड संघातले दोघांहून अधिक एका बाजूला नसावेत, आणि निर्णयाविरुद्ध अर्ज ऐकण्यासाठी तिघांची समिती असावी, जीत एक विद्यार्थिनी असेल. पालकांनीही खाली सह्या कराव्यात. मात्र कलम मंजूर झाले म्हणून घरी बसू नये. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, आणि चवदार तळ्याकडे माणसे चालत गेली ती १९२७ साली. मधल्या चार वर्षांत ठराव कागदावरच होता. चिठ्ठीत नाव घालावयास मुलगा गेलाच नाही तर उत्तमातले उत्तम कलम निरुपयोगी आहे.

आणि पाच कलमांच्या खाली सहावे, वेळेचे, घालावयास विसरू नका. वेळेवर सात खेळाडू नसतील तर सामना समोरच्या संघाला बहाल होतो. हा नियम शहरात राहणाऱ्याला न्याय्य वाटतो. खेड्यातून येणारा मुलगा मात्र एस.टी.वर अवलंबून असतो. सकाळी सातचा सामना त्याला गाठता येत नाही, आणि संध्याकाळी साडेपाचचा सामना संपेपर्यंत त्याची शेवटची गाडी निघून गेलेली असते. लावणीच्या दिवसांत त्याला घरीही थांबावे लागते. तेव्हा सामने दुपारच्या सुट्टीत किंवा शनिवारी तास संपल्याबरोबर ठेवावेत, पंधरा मिनिटांची सवलत असावी, आणि वेळापत्रक लावण्यापूर्वी कोणत्या खेळाडूची गाडी किती वाजता आहे हे नावनोंदणीच्या कागदावरच विचारून घ्यावे.